बहिणीच्या गाळ्यातले टेकू

मुकादमाला सगळे टेकूमामा म्हणत. भिंतीला हात लावायच्या आधी तो आधार देणारच. कुणी शिंकलं तरी हा टेकू लावेल, अशी गवंडी त्याची थट्टा करत.

एका जुन्या दुमजली व्यापारी इमारतीचं काम निघालं. वर कचेऱ्या, खाली गाळे. लाकडी तुळया आतून पोखरल्या होत्या. एकेका गाळ्यात छताला लोखंडी टेकू द्यायचे, कुजकी तुळई काढून तिथे गर्डर सरकवायचा, त्याची टोकं भिंतीत काँक्रीटनं भरायची आणि ते घट्ट झाल्यावरच टेकू काढायचे, अशी कामाची रीत.

त्यातला एक गाळा त्याच्या धाकट्या बहिणीचा, शिवणकामाचा. काम चालू होतं तोवर ती मशीन घेऊन फुटपाथवर बसायची. येताजाता भावामागे भुणभुण, "दादा, धुळीनं कपडे खराब होतात रे. काढ ना ते खांब!"

एका सकाळी त्यानं गर्डरच्या टोकाशी बोट लावून पाहिलं. काँक्रीट अजून ओलसर होतं. 'धरेल,' असं स्वतःशी म्हणत त्यानं टेकू काढले. बहीण लगेच मशीन घेऊन आत बसली.

दुपारी गर्डर एका बाजूला खचला आणि छताचा तुकडा खाली आला. बहीण वाचली, पण उजव्या हाताची बोटं चिरडली. ती पुन्हा नीट वळली नाहीत.

इंजिनिअरनं जुन्या भिंतीवर खापर फोडलं. बहीण तर भेटेल त्याला सांगायची, "मीच हट्ट धरला. दादाला नाही म्हणवेना." तो शेजारी मान खाली घालून उभा असायचा.

संध्याकाळी तो तिला कापड कापून द्यायचा, तेही वाकडंतिकडं. "भिंत फोडतोयस का?" म्हणून ती हसायची. ते हसणं त्याला सोसेना.

एकदा ती गिऱ्हाइकाला पुन्हा तेच सांगू लागली, तसा तो मध्येच बोलला, "तुझ्या हट्टानं नाही झालं. काँक्रीट ओलं होतं. मला माहीत होतं."

गिऱ्हाइकानं काढता पाय घेतला. बहिणीनं त्याच्या हातातली कात्री काढून घेतली.

"मी स्वतःला दोष देत होते, आणि तू ऐकत उभा राहायचास?"

"हो."

"जा दादा. आत्ता जा."

त्यानं इंजिनिअरला गाठून खरं ते सांगितलं. मुकादमी गेली. त्याच इमारतीत तो साधा गवंडी म्हणून विटा रचू लागला. बहीण समोरून जायची, पण बघायची नाही.

बऱ्याच दिवसांनी ती त्याच्यापुढे येऊन थांबली. "एका हातानं शटर उघडत नाही. सकाळी येत जा. आणि राग गेला असं समजू नकोस."

तो रोज जातो. शटर वर करतो. ती बोलावत नाही, तोवर आत पाऊल टाकत नाही.