मिरचीच्या खोलीतला हिवाळा

कामोठ्यात भर मे महिन्यात हाफ स्वेटर घालून दूध आणायला निघालेला माणूस दिसला, तर तो आमचा शेजारी अंकुश सरवदे समजावा. तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तो मशीन ऑपरेटर. उभं आयुष्य त्या गारठ्यात गेलं, त्यामुळे बाहेरचं ऊन त्याच्या अंगाला लागतच नाही. बोलण्यात महाकंजूष. "काय अंकुशभाऊ, बरंय का?" विचारलं तर "हाय की" म्हणून जिना उतरणार. मी पडले बडबडी. सुरुवातीला मला तो सरळसरळ शिष्ट वाटायचा.

त्याची एकुलती एक लेक अक्षता बेलापूरला नोकरी करायची. तिथल्याच एका हिमाचली मुलाशी तिचं जमलं. विहारात साधंसं लग्न झालं आणि पोरगी नवऱ्याबरोबर त्याच्या गावी, पालमपूरकडे गेली. लग्नात विहीणबाईंनी मानपान मागितला नाहीच, उलट ओल्या फडक्यात मुळं गुंडाळलेलं हातभर रोप अंकुशच्या ओंजळीत ठेवलं. त्यांच्या अंगणातल्या मॅग्नोलियाच्या फांदीला गुटी बांधून, मुळं फुटवून काढलेलं कलम होतं ते. म्हणाल्या, "सर्दी जाते ही फूलता है. एक भी पत्ता नहीं होता तब. फूले तो बताना, भाईसाब."

झालं. त्या सहज बोलल्या आणि यानं ते काळजावर कोरून घेतलं. रखमाताई, म्हणजे त्याची बायको, लेकीकडे जाऊन आल्या. हा नाही गेला. "त्यांचं झाड फुललं नाई. काय तोंड घेऊन जाऊ?" लेक लांब गेल्याचा राग हा झाडाआडून काढतोय, असं मी रखमाताईंना तोंडावर म्हटलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "राग नाई ओ सरस्वतीताई, भ्या हाय. विहिणीनं इश्वासानं दिलं. आपल्या हातून मेलं तर तिथं आपली लेक नांदती ना!"

कुंडी गच्चीवर असायची. सोसायटीत ज्यानं त्यानं तिचं बारसं केलं. कुणी पेरू म्हटलं, कुणी फणस. मलाही ते कुठलंतरी उपरं झाड वाटायचं. एकदा खाली कंपाउंडातल्या सोनचाफ्याची फांदी छाटली होती, ती हातात घेऊन मी वर गेले. पान जिथून गळलं होतं तिथे काडीला पूर्ण वेढून बारीक रेघ होती, बोटात वळं घालावं तशी. आणि अंकुशच्या रोपावरही प्रत्येक पेराला तसंच वळं! "अहो, हा तर चाफ्याचाच भाऊबंद!" मी ओरडलेच. अंकुशनं दोन्ही काड्यांवरून हळूहळू बोट फिरवलं. एक बारमाही हिरवा, आमच्या खाडीच्या दमट हवेतला. दुसरा बर्फाच्या देशातला, पानं टाकून उघडा होणारा. मधे सगळा हिंदुस्थान, आणि अंगावरची खूण तीच. माझ्या अंगावर काटा आला, आणि हा शिष्ट माणूस पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला.

पण भाऊबंद असला तरी त्याला आमची हवा मानवेना. डिसेंबरात इथे पंखा बंद करावा की नको, एवढीच काय ती थंडी. पानं नीट गळत नव्हती आणि कळ्या तशाच मिटून सुकायच्या. "याला झोप पाहिजे ताई," अंकुश म्हणाला. "झोपल्याबिगर उठंल कसं?" आणि त्यानं जे ठरवलं, ते कोल्ड स्टोरेजमध्ये जन्म काढलेल्या माणसालाच सुचावं. हिवाळा झाडाकडे येत नसेल तर झाडाला हिवाळ्याकडे न्यायचं. त्याच्या शेठनं आधी डोक्यावर हात मारला, मग "माल को हाथ नहीं लगना चाहिए" म्हणून परवानगी दिली. उरलेली पिवळी पानं खुडून, कुंडी गोणपाटात बांधून अंकुशनं ती टेम्पोतून तुर्भ्याला नेली आणि ठेवली कुठे? सफरचंदांच्या खोलीत. का, तर "त्याच्या गावाकडचा माल हाय, करमल त्याला."

थंडी सरताना कुंडी घरी आणली. कळ्यांना बोट लावलं की गळून पडत होत्या. जावयानं फोनवर सांगितलं, सफरचंदातून वायू सुटतो, त्यानंच कळ्या जळाल्या असणार. अंकुशनं कपाळ बडवून घेतलं. सफरचंदाशेजारी दुसरं फळ ठेवू नका, हे तोच तर कोल्ड स्टोरेजमधल्या पोरांना ओरडून सांगायचा! झाडाला परक्या ठिकाणी एकटं वाटू नये एवढ्या मायेपुढे त्याची सगळी अक्कल गहाण पडली होती. जिन्यात बसून तो रडला. मी पाणी नेऊन दिलं आणि जन्मात पहिल्यांदा काही बोलले नाही.

पुढचा हिवाळा शेवटचा होता, कारण मार्चअखेर अंकुश रिटायर होणार होता. त्यानंतर कोल्ड स्टोरेजची थंडी त्याला कोण देणार? यंदा फुललं तर फुललं, नाहीतर लेकीच्या घराचं दार त्यानं स्वतःच स्वतःला बंद करून घेतलेलं. यावेळी कुंडी सुक्या मिरचीच्या खोलीत गेली. रोज ड्यूटी सुरू करताना तो मातीत बोट खुपसून ओल बघायचा आणि शिंकत बाहेर यायचा.

फेब्रुवारीत झाड परत आलं ते निव्वळ काटक्या होऊन. आमच्या मजल्यावर सगळ्यांनी मनातल्या मनात त्याला मूठमाती दिली. अंकुशनं मात्र मला बोलावून शेंडा दाखवला. बाकीच्या कळ्या बारीक, टोकदार, त्या पानांच्या. शेंड्याची एकच टपोरी होती, मांजराच्या पिल्लासारखी लव अंगावर घेतलेली. गॅलरीत सावलीला कुंडी ठेवून आम्ही वाट बघत बसलो. एके दिवशी ते लवेचं टोपडं गळून पडलं आणि आत गर्द जांभळं काहीतरी दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाताईंनी माझं दार नुसतंच वाजवलं, हाक न मारता. मी गेले आणि उंबऱ्यातच थांबले. त्या वाळल्या काटकीवर, एका पानाचाही आधार नसताना, माझ्या तळहाताएवढं फूल उघडलं होतं. बाहेरून जांभळं, आतून दुधासारखं. खाली हायवेवर ट्रकांची रांग, आमच्या खिडक्यांवर तीच रोजची धूळ, आणि त्यात हे. मजल्यावरची माणसं एकेक करून आली आणि चपला काढून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. अंकुश तर फुलापासून लांब, भिंतीला टेकून उभा होता, जवळ जायची हिंमत नसल्यासारखा. एवढं मोठं काही आपल्या हातून झालंय, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. माझाही बसत नव्हता.

मग व्हिडिओ कॉल लावला. विहीणबाई स्क्रीनवर आल्या, फूल पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हमसून रडायला लागल्या. आम्ही घाबरलो. शेवटी अक्षतानं फोन हातात घेतला. "पप्पा, तुमाला सांगितलं नव्हतं. यावेळी बर्फ फार पडला. त्या भारानं इथलं झाड बुंध्यातून चिरलं. मुळासकट काढावं लागलं."

म्हणजे त्या झाडाचं जगात उरलेलं एवढंच, कामोठ्याच्या गॅलरीत.

अंकुश भिंतीपासून हलला. फुलाजवळ गेला, कुंडीचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि फोनकडे न बघताच म्हणाला, "सासूबाईला सांग, रडू नका म्हनावं. ह्याला आता हितं मी हिवाळा कुठून आनू? मार्च संपू दे. झाड घेऊन मी येतो."

"खरंच येताय, पप्पा?" अक्षतानं विचारलं.

"येतो," तो म्हणाला. "खड्डा खोदून ठेव."