काही न करणाऱ्या बाई

सर्वांत लाडक्या झाडाला बाई महिना महिना पाणी घालत नसत. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहत. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळ्यांच्याच बाई. खिडकीच्या ग्रिलमध्ये निवडुंगांच्या कुंड्या. त्यातला एक संत्र्याएवढा, पांढऱ्या लवेचा, यजमानांनी बिकानेरहून आणलेला. यजमान गेले, तो राहिला. दर मार्चमध्ये त्याच्या माथ्यावर गुलाबी फुलांचं कडं उमटे.

काटेरी झाडामुळे घरात भांडणं होतात, असं चेअरमननी त्यांना एकदा ऐकवलं. बाई म्हणाल्या, "आपल्या मीटिंगमध्ये तर एकही झाड नसतं."

पुढे त्याच चेअरमनना आवारात 'रॉक गार्डन' करायची हुक्की आली. खडी किती, वाळू किती, उतार कुठे, हे बाईंनीच सांगितलं. कुंड्याही दिल्या, ती एक सोडून. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या बहिणीकडे कल्याणला गेल्या आणि ती कुंडी माझ्याकडे ठेवली. "पंधरा दिवस काही करायचं नाही. जमेल?" मी हसलो.

उद्घाटनाला मधोमध फुललेलं झाड हवं होतं. अशा समारंभांची मी आयुष्यभर टिंगल केली. पण फलकावर 'सौजन्य' म्हणून माझं नाव येणार म्हटल्यावर कुंडी मीच खाली नेली. पाहुण्यांनी तारीख दोनदा बदलली. तोवर झाडं टवटवीत दिसावीत म्हणून आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाइप चालला. मी गॅलरीतून बघत होतो.

बाई परतल्या. हिरवा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी झाड बोटाने दाबलं. पिकलेल्या चिकूत जावं तसं बोट आत गेलं.

"कडं पूर्ण आलं होतं?"

"हो."

 त्यांनी बुंध्याजवळची दोन टणक पिल्लं सुरीने सोडवून जखमा सुकायला वर्तमानपत्रावर ठेवली. मी पुन्हा पुन्हा माफी मागत होतो. "अहो, पुरे. पाणी घालणं सोपं असतं. आपण काहीतरी केलं असं वाटतं."

आठवड्याने एक पिल्लू त्यांनी माझ्याच हातात दिलं. "एकदा मारलंयत. आता तुम्हीच नीट सांभाळाल."

दोन वर्षांनी बाई गेल्या. शोकसभेत चेअरमन अर्धा तास बोलले. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नको म्हटलं.

या मार्चमध्ये पिल्लाला पहिलं कडं आलं. आनंदाने तांब्या भरून मी खिडकीशी गेलो. जरा वेळ उभा राहिलो आणि ते पाणी मीच प्यायलो.