आवाज बंद करून पाहिलेलं भूत

भुतांनीच घाबरून राहावं, अशी सिरिल बूथची ख्याती होती. यॉर्कशायरमधल्या आमच्या गावच्या साप्ताहिकात तो टीव्हीवरच्या भयमालिकांवर लिहायचा, आणि दर शुक्रवारी कुठल्या ना कुठल्या पिशाच्चाची अब्रू जायची. 'मालिका सहा भागांची, भूत उगवतं पाचव्यात. तोवर नायिका नुसती तळघराचा जिना उतरते. भिंतीवर दिव्याचं बटण आहे, पण ते दाबायचं कुणाच्या मनात येत नाही. शेवटी कळतं, की राक्षसाचं बालपण दुःखात गेलं. माझंही गेलं, मी कुणाला खाल्लं नाही.'

त्याची रीत ठरलेली. पहिल्यांदा पाहायचं ते आवाज बंद करून. "ह्यांना भीती दाखवता येत नाही, म्हणून कानाशी पत्रा बडवतात," तो म्हणे. "पत्रा काढून घ्या, मग बघू कोण दचकतं." मुक्या फेरीत नापास झालेल्याला दुसरी फेरी नसे, आणि बहुतेक सगळे नापासच होत. स्वस्तातल्या विनोदी भयपटांवर तर त्याचा खास राग. भीती जमली नाही की ते विनोदाच्या पदराआड लपतात आणि हसू आलं नाही की भीतीच्या, असं तो लिही. हे मात्र खरं होतं, आणि बरोबर असण्याची चटक माणसाला फार लवकर लागते.

रविवारी तो थोरल्या बहिणीकडे, मॅव्हिसकडे, जेवायला जाई. मॅव्हिस गिरणीच्या कँटीनमधून निवृत्त झालेली. तरुणपणी हौशी नाटकांत कामं करायची. भावाच्या शेऱ्यांनी ती हौस हळूहळू विरली.

तशात खाटीक केन ड्यूहर्स्टनं आपल्या दुकानातच एक विनोदी भयपट काढला. आतडी म्हणून त्याचीच सॉसेजं, रक्त बिटाचं. भूत उभं करायला ऐपत नव्हती, म्हणून भूत दिसतच नाही. मेलेली एक गिऱ्हाईक म्हातारी शीतखोलीच्या दारामागून नुसती बोलते. तो आवाज मॅव्हिसचा, पण श्रेयनामावळीत तिचं नाव नव्हतं. सिरिल सोडून गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं.

"त्याला कळू देऊ नकोस," मॅव्हिसनं केनला बजावलं होतं. "बहीण म्हणून कौतुक नकोय मला. नकळत एकदा त्याच्याकडून बरा शब्द निघू दे."

"अगं बाई, तो आजवर कुणाला बरं म्हणालाय?"

"म्हणूनच तर."

सिरिलनं चित्रपट घरी लावला आणि रीतीप्रमाणे आवाज बंद केला. शुक्रवारी छापून आलं: 'एक खाटीक बंद दाराकडे बघून थरथरतो. बराच वेळ. भूत कुठे आहे? बहुधा त्यानं पटकथा वाचली आणि यायला नकार दिला. या चित्रपटात अक्कल असलेलं तेवढंच एक पात्र.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामगार क्लबात चित्रपटाचा खेळ होता. बिअर, मटणाच्या पॅटिस, सोबत वाटाणे. केनचं पडलेलं तोंड बघायला सिरिल मुद्दाम पुढे बसला.

पडद्यावर केननं दुकान बंद केलं. दारामागून हळू, मायाळू आवाज आला, "अर्धा पौंड मटण म्हणालास ना रे, राजा? मग त्यात तराजूवरचा तुझा अंगठा किती होता?"

ना ढोल, ना पत्रा. क्लबात हास्याचा असा स्फोट झाला की ग्लास हिंदकळले. पुढच्या वेळी आवाज आला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सिरिलच्या अंगावर काटा आला. चहाला घरी ये म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभं राहून लहानपणी त्याला हाक मारणारा आवाज होता तो. मागे वळून पाहिलं, तर सगळा क्लब त्याच्याकडेच बघत होता.

मॅव्हिस दाराशी कोट घालत होती.

"मला माहीत नव्हतं गं."

"माहीत नसावं हेच तर हवं होतं मला."

"पुढच्या शुक्रवारी लिहितो ना! घाबरलो मी, आईशप्पथ. आयुष्यात पहिल्यांदा."

"आता लिहिलंस तर ते भावाचं होईल, सिरिल." तिनं गुंड्या लावल्या. "आणि पहिलं लिहिलंस ते तू मनापासून लिहिलं होतंस."

तरी त्यानं लिहिलं. एकही टोमणा न मारता, शब्द न् शब्द खरा. आयुष्यात त्यानं लिहिलेलं तेच सगळ्यात चांगलं, आणि त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. "काय सिरिलराव, बहिणीनं जेवण बंद केलं वाटतं?" पबमध्ये कुणीतरी ओरडलं. केननं दुकानाच्या काचेवर परीक्षण चिकटवलं, ते पहिलं. गिऱ्हाइकं वाचून हसायची आणि सॉसेजं घेऊन जायची.

रविवारी जेवण नेहमीसारखंच होतं. भाजलेलं बीफ, पुडिंग, ग्रेव्ही. सिरिल बराच वेळ ताटात काटा फिरवत राहिला.

"वाचलंस?"

"वाचलं," मॅव्हिस म्हणाली. "बटाटे घे."