न मळलेली पुस्तकं

आमच्या गावाला पुस्तकांची पेटी यायला लागली तेव्हा लढाई चालू होती आणि रॉकेल रेशनवर मिळायचं, तेही मिळालं तर. गाव कर्जत तालुक्यातलं, पावसानं पाठ फिरवलेलं. माझे यजमान तिथे शाळामास्तर. नगरच्या एका वाचनालयानं खेडोपाडी पुस्तकं पाठवायचं मनावर घेतलं आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक लाकडी पेटी सर्व्हिस मोटारीनं फाट्यापर्यंत, तिथून बैलगाडीनं आमच्या दारात यायला लागली. पुस्तकं मास्तरांच्या सहीनं मिळत. वाचायची मात्र मी. मास्तर पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर घोरू लागत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

दिवा जाळणं परवडत नव्हतं, म्हणून वाचन दुपारी, कामं उरकली की आमच्या ओसरीवर. बाया धान्य निवडत आत बसत, पुरुष बाहेर लिंबाखाली. अक्षरओळख असलेले चार लोक गावात होते, पण एकट्यानं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणं त्यांनाही चोरून खाल्ल्यासारखं वाटे. वाचायचं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं, ही तिथली रीत.

प्रत्येक पुस्तकात वाचनालयाची सूचना चिकटवलेली असे : पुस्तक मळवू नये, पानं दुमडू नयेत. ती मी पहिल्याच दिवशी मोठ्यानं वाचली आणि गावानं सोवळ्यासारखी पाळली. मी हात धुऊन, पुसूनच पुस्तक उघडायचं, दुसऱ्या कुणी त्याला शिवायचं नाही, वाचून झालं की धुवट फडक्यात बांधून फडताळात. ते फडकं शेजारच्या भाभीनं दिलेलं, तिच्या जुन्या ओढणीचं.

भाभी म्हणजे पानाचं दुकान चालवणाऱ्या तांबोळ्याची बायको. दुकानासाठी काथ ती घरी कालवायची, त्यामुळे तिची बोटं कायम तांबडी. ती माझ्या अगदी गुडघ्याशी बसायची, पण हात पदराखाली. एकदा मी पुस्तकातलं चित्र दाखवायला तिच्यापुढे धरलं तर ती मागे सरकली.

"नगं बाई. माझी बोटं रंगल्याली हायेत. डाग पडंल."

तेव्हाच म्हणायला हवं होतं, पडू दे गं. पण मीही सूचना पाळणारी, मास्तरीणबाई ना!

एका दोन भागांच्या कादंबरीनं भाभीचा जीव टांगणीला लावला. त्यातल्या बाईला सासरच्यांनी घालवून दिलेलं, मूल तिकडेच ठेवून घेतलेलं. मूल आजारी असल्याचं कळतं, ती निघते, वाटेत नदीला पूर, आणि नावाडी नाव सोडायला तयार नाही. इथे पहिला भाग संपला. दुसरा पुढच्या पेटीत येणार होता. सगळे हळहळत उठले, भाभी मात्र बसूनच राहिली. तिचा पहिला मुलगा ती माहेरी असताना सासरी तापानं गेला होता. तिला वेळेवर पोचता आलं नव्हतं. पुढे रोज आडावर भेटली की घागर भरता भरता तिचा एकच प्रश्न.

"पोचली आसंल का वो ती?"

"पेटी आली की कळेल," मी म्हणायची.

पेटीच्या आधी पाहणी आली. मुंबईहून ग्रंथालयशास्त्र शिकून आलेले एक तरुण गृहस्थ खेड्यातल्या वाचनावर संशोधन करत होते. माणूस सज्जन, बोलणं मऊ. त्यांनी आमची पुस्तकं एकेक करून उजेडात धरली, पानांचे कोपरे चाचपले, कडांवर अंगठ्याचे ठसे शोधले. मग लिंबाखाली जमलेल्या प्रत्येकाला विचारलं, "तुम्ही वाचता का?"

"न्हाई जी," प्रत्येकानं खरं तेच सांगितलं. "आमी कुठलं वाचतोय!"

त्यांनी मान हलवली आणि वहीत टिपलं : पुस्तकं हाताळलीच गेलेली नाहीत, गावात वाचक एक, तो म्हणजे मास्तर. मास्तर खाकरले, पण पाहुण्याचा शब्द तोडणं त्यांच्यानं होईना. मग मीच चहाचे कप घेऊन पुढे झाले आणि सांगितलं, वाचते मी, आणि ऐकतं सगळं गाव.

ते हसले. "ते पुराणश्रवण झालं, वहिनी. मी वाचक मोजतोय."

मला असा संताप आला! त्यांच्या शास्त्रात ऐकणाऱ्याला रकानाच नव्हता.

त्यांच्या अहवालावरून आमची पेटी बंद झाली आणि पलीकडच्या गावाला गेली. तिथला वाणी म्हणे पुस्तकावर तेलाचा दिवा ठेवायचा. तिथली पानं छान मळली होती, म्हणजे वाचनही जोरात असणार! मास्तरांनी वाचनालयाला दोन पत्रं लिहिली, दोन्हींना गोड नकार आला. ओसरीवर काही दिवस लोक येऊन बसले, मग येईनासे झाले. भाभीचा प्रश्न मात्र थांबला नाही. मी कधी "पोचली असेल गं" म्हणायची, तर ती रागवायची.

"आसंल नगं. वाचून सांगा."

लढाई संपल्यावर आमची बदली नगरजवळ झाली. मी त्या वाचनालयाची वर्गणीदार झाले आणि सगळ्यात आधी तो दुसरा भाग मागितला. पुस्तक कोरं करकरीत होतं. घरी येऊन चूलही न पेटवता वाचलं. ती पोचते. मूल तिला ओळखतं. मी ढसाढसा रडले आणि त्याच आठवड्यात पुस्तक घेऊन गावाकडची मोटार धरली.

भाभी आम्ही गाव सोडल्यानंतरच्या हिवाळ्यात हिवतापानं गेली होती. तिचा नवरा दुकानात सुपारी कातरत होता. त्यानं मला खोक्यावर बसायला दिलं. मी पुस्तक उघडून शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. अडकित्ता हातात तसाच धरून त्यानं सगळं ऐकलं.

"पोचली म्हनायची," तो म्हणाला. "लई इचारायची वो ती."

समोर काथाची वाटी होती. मी बोट बुडवलं आणि शेवटच्या पानावर ओळींच्या खाली टेकवलं.

पुस्तक परत केलं तेव्हा वाचनालयातल्या कारकुनानं ते पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"बाई, खराब केलंत की हो पुस्तक."

"खराब नाही केलं," मी म्हटलं. "ते वाचलंय."