आक्काच्या वाटचा घास खायला पार्माला

बहिणीचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत मी इटलीला जाऊन आलो, याचा राग आमच्या भावकीत अजून निवळलेला नाही. "वर्ष पाळायचं सोडून हा खायला निघालाय," असं चुलतभाऊ माझ्या तोंडावर म्हणाला. चारचौघांत मला बोलणं जमत नाही, म्हणून इथं लिहितो.

आक्का माझी थोरली बहीण. पाटोद्याजवळच्या एका गावात तिनं तीस वर्षं खव्याची भट्टी चालवली. मी गेवराईत सरकारी कचेरीत कारकून. तिची लेक, माझी भाची शुभांगी हिनं एकदा तिला मोबाइलवर पार्मा शहराजवळच्या चीज कारखान्याचा व्हिडिओ दाखवला. जमिनीत रोवलेल्या तांब्याच्या मोठाल्या कढया आणि त्यात दूध ढवळणारी माणसं. आक्का हरखली. "आपल्यावानीच हाय की रे हे! जायचं आपण."

दोन वर्षं आम्ही बेत करत होतो. काय खायचं, कुठं राहायचं, तिथं शाकाहारी काय मिळतं, सगळं. आक्काच्या गळ्यात माळ होती, अंडंसुद्धा तिला चालत नसे. पण चीज दुधाचं, त्यामुळे त्याची शंकाच आली नाही. आणि मी दर वेळी म्हणायचो, "मार्चअखेर होऊ दे." दोन मार्च गेले. मग ती आजारी पडली आणि म्हणाली, "तू जा. माझ्या वाटचा घास तूच खा."

आता तयारीचं सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. संभाजीनगरच्या एका टूरवाल्याकडे गेलो. तो हसला. "काका, पार्माला काय ठेवलंय? रोम, व्हेनिस, पिसा करा. आपला महाराज सोबत असतोय, रोज सकाळी गरम पोहे."

पोहे गेवराईच्या स्टँडवरही मिळतात. ते खायला इतक्या लांब जायचं, आणि त्यासाठी वर जास्तीचे पैसे मोजायचे? मी उठून आलो. तिकीट, हॉटेल आणि व्हिसाचा अर्ज शुभांगीनं घरी बसून केला. व्हिसाच्या खिडकीतल्या बाईनं विचारलं, "एकटेच? फक्त खायला?" हो म्हणताना माझी मान खाली गेली, आणि ती खाली गेली याचाच मला नंतर संताप आला. देवाला जातो म्हणालो असतो तर कुणी विचारलं नसतं. जाताना शुभांगीनं खवा बांधून दिला होता, तो मुंबईतच एका नातेवाइकाकडे ठेवावा लागला. बाहेरचे दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. तुम्ही नेऊ नका.

मुंबई ते मिलान विमान, आखाती देशात एकदा बदलून. मिलानहून पार्मा रेल्वेनं दीड तासाच्या आसपास. पार्मा आपल्या बीडसारखं पायी फिरता येतं, फक्त रस्त्यावर खड्डे नाहीत. दुपारी अडीचनंतर खानावळी बंद होतात त्या थेट साडेसातला उघडतात. मी साडेतीनला पोचलो आणि चार तास केळ्यांवर काढले. रात्री खानावळीत नुसत्या टेबलाला बसायचे दर माणशी तीन युरो घेतले. वाढप्याला विचारलं तर म्हणाला, पद्धत आहे.

मी टोमॅटोची साधी स्पॅगेटी मागवली. वाढप्या चीजची वाटी घेऊन आला. मी हात आडवा धरला.

"पार्मात? चीजशिवाय?" त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या आईला नाव ठेवलं.

"उद्या," मी म्हणालो. पहिला घास कारखान्यातच आणि आक्काच्या नावानं, असं ठरवून आलो होतो.

कारखाना बघायचा तर तीन आठवडे आधी ईमेल करा आणि सकाळी लवकर जा, दहानंतर बघायला काही उरत नाही. बसची वेळ जुळत नव्हती, टॅक्सी केली. बघायला आलेले आम्ही सहा जण होतो. लाउरा नावाची मुलगी इंग्रजीतून समजावत होती. सत्तरीचा एक म्हातारा कारागीर कोपरापर्यंत हात घालून कढईतलं दूध चाचपत होता. आक्का भट्टीसमोर खवा असाच चाचपायची, डोळे मिटून, बोटांनी. पण दूध आटत नव्हतं. ते घट्ट दह्यासारखं धरलं होतं.

मी विचारलं, "दूध कशानं धरतं?"

"रेनेटनं," लाउरा म्हणाली. "वासराच्या पोटातून काढतात. दूधपित्या वासराच्या."

"मेलेल्या?"

"कापलेल्या."

माझा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांसमोर चढला असेल. "हे व्हिडिओत का सांगत नाही? माझी बहीण हे खायचं स्वप्न बघत गेली! आमच्याकडे गाईला आई म्हणतात!"

लाउरानं म्हाताऱ्याला सांगितलं. त्यानं हात पुसले आणि हळू काहीतरी विचारलं. ती जरा अडखळली. "ते विचारतात, तुमच्याकडे दुधासाठी जनावरं पाळतात ना? मग नर वासरं कुठं असतात?"

"आम्ही त्यांची पूजा करतो," मी म्हणालो. पोळ्याचे बैल डोळ्यांपुढे आणून म्हणालो. पण भट्टीचं दूध म्हशींचं. आमच्या भागात म्हशीच्या नर रेडकाची पूजा कुणी केलेली मी पाहिली नाही. त्याला पुरतं दूध पाजत नाहीत, मग ते आपोआप मरतं. कापावं लागत नाही, एवढाच फरक. एकटी आक्का म्हशीच्या चार सडांतला एक सड न पिळता रेडकासाठी सोडायची, आणि त्यावरून भाऊजी तिला रोज बोलायचे.

म्हातारा उत्तराची वाट बघत होता. मी लाउराला म्हणालो, "मी खोटं बोललो, असं सांगा त्यांना."

त्यानं मान हलवली. मग चीजचे दोन तुकडे तोडून माझ्या हातावर ठेवले. मी एक परत दिला. तो आक्काचा होता, आणि तिनं तो खाल्ला नसता. न खाण्याचा हक्क तिनं रोज एक सड सोडून कमावला होता. माझा तसा काही हक्क नव्हता. माझा तुकडा मी खाल्ला. खारट, दाणेदार, जुना. चांगला होता, हेही सांगायला हवं.

पुढचे दोन दिवस ब्रेड, भाज्या आणि आइस्क्रीमवर काढले. शहर सुंदर आहे. जायचं असेल तर जा, पण ताटात काय आहे ते आधी विचारा.

परतल्यावर आक्काच्या गावी गेलो. शुभांगी धार काढत होती.

"मामा, आईचा घास खाल्ला का न्हाई?"

"माझा खाल्ला. तिचा न्हाई." मी सगळं सांगितलं. ती ऐकत चौथा सडही पिळत होती. रेडकू लांब खुंट्याला बांधलेलं, बरगड्या मोजाव्या असं.

"तिकडं काय बघताव?" ती म्हणाली. "आई एक सड सोडायची, म्हणून तर भट्टीला दूध कमी पडायचं. तुमच्या इटलीनं म्हशीला पाचवा सड दिलाय का?"

मी तिच्यावर ओरडणार होतो. शब्द तयार होते. पण तीस वर्षं मी त्या घरी येऊन पेढे खाल्ले, डबा भरून घरी नेले, आणि रेडकं जातात कुठं, हे एकदाही विचारलं नाही. पार्मातल्या म्हाताऱ्यानं पहिल्याच भेटीत विचारलं.