एकतीस नंबरचा घोडेस्वार

आमच्या हार्लन क्रीकमध्ये वर्षभर एक कुजबुज होती, की व्हर्लिन क्रॅट्झर एका कार्डासाठी डोरीनशी लग्न करणार आहे. ती प्रथम कुणी उठवली ते मी सांगणार नाही. मी तेव्हा ट्रॅक्टरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचो, एवढंच सांगतो.

व्हर्लिन साठीतला, एकटा, धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला. आमच्या लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटातून काउबॉय वीरांची कार्डं निघत. रोज संध्याकाळी रेडिओवर ज्यांच्या घोड्यांच्या टापा ऐकायचो, तेच वीर. आम्ही ती कार्डं कपड्यांच्या चिमट्याने सायकलच्या चाकाला लावायचो. आऱ्यांवर फटफट वाजायची आणि आठवड्यात चिंध्या व्हायच्या. व्हर्लिनने मात्र जपली. अठ्ठेचाळीसच्या संचातलं एकतीस नंबर सगळ्यांत दुर्मीळ, पांढऱ्या घोडीवरचा डॅन होलिस्टर. जिल्ह्यात ते एकच उरलंय, असं सगळे म्हणत. ते होतं डोरीनच्या वारलेल्या भावाच्या सिगारच्या डब्यात.

डोरीन विधवा, ग्रंथालयात कामाला, तोंडाने फटकळ. दर गुरुवारी व्हर्लिन टोपी हातात धरून तिच्या दारात. ती वाडगाभर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा रोल पुढे करायची, मग डबा उघडायची.

"पाच कार्डं घे, हे एक दे," तो म्हणायचा.

"बरं, दिलं."

असं ती म्हणाली, की हा कार्ड उजेडात धरून न्याहाळत बसायचा. "कोपरा जरा दुमडलाय गं. पुढच्या गुरुवारी सांगतो."

"कोपरा गेल्या गुरुवारीही दुमडलेलाच होता."

"तेव्हा ढगाळ होतं."

असे चौदा महिने गेले. त्यानंतर त्याने लग्नाचं विचारलं. तिने विचार करते म्हणून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात केस कापायला गेली असता तिथे तिच्या कानावर आमची कुजबुज आली.

गुरुवारी व्हर्लिन आला, तर डोरीन अंगणात सायकल धरून उभी. चाकाला चिमटा, चिमट्यात डॅन होलिस्टर.

"व्हर्लिन, तुला मी हवीये की हा?"

"कार्ड तुझं आहे, डोरीन."

"मी हे विचारलं नाही."

"तू हवीयेस."

"बघू," म्हणत ती सायकलवर बसली. बासष्टाव्या वर्षी, स्कर्ट सावरत, चर्चपर्यंत आणि परत. फटफट आवाज आमच्या दुकानापर्यंत आला. व्हर्लिन टोपी हातात धरून अंगणातच थांबला. ती परतली तेव्हा घोडी गेली होती, वीराची फक्त टोपी उरली होती.

"आता तुला इथे यायला काही कारण उरलं नाही," ती म्हणाली.

"चिली आहे ना?" त्याने विचारलं.

पुढच्या गुरुवारी तो आला. त्याच्या पुढच्याही. जूनमध्ये त्यांचं लग्न झालं.

व्हर्लिनचं सामान तिच्या घरी हलवायला मी गेलो होतो. त्याच्या कार्डांचा अल्बम माझ्याच हातात होता, तेव्हा उघडून पाहणं आलंच. पानावर लिहिलेल्या तारखेप्रमाणे एकतीस नंबर त्याच्याकडे तो नऊ वर्षांचा असल्यापासून होतं. दोन प्रती होत्या. कोपरे चारही शाबूत.