चव्हाट्यावरची विहीर

शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात, इंग्रज असतानाच, चव्हाट्यावर सभा भरली होती. धुळ्याहून आलेला परीटघडीचा पुढारी सांगत होता की आपल्या देशात काही खोट नाही, जी आहे ती इंग्रजांची. शेजारच्या विहिरीपाशी वेशीबाहेरच्या वस्तीतली एक बाई रिकामी घागर घेऊन उन्हात ताटकळत होती. तिच्या जातीला विहिरीला हात लावायची बंदी होती, आणि वरून पाणी ओतणाऱ्या आम्ही बाया भाषण ऐकत बसलो होतो.

मी उठून विचारलं, "भाऊ, हिला विहीर इंग्रजानं बंद केली का?"

"अक्का, घरची लाज चव्हाट्यावर आणू नका. ही देशाशी बेइमानी आहे."

"विहीर चव्हाट्यावरच शे, भाऊ."

माणसं हसली, तो चिडला. असले देशभक्त मी पुढेही पुष्कळ पाहिले. पाहुणा जेवणाची वाहवा करून निघून जातो, भाजी अळणी झाली हे घरचंच माणूस सांगतं.

मी जाऊन विहिरीत पोहरा सोडला. ओरडून घसा कोरडा पडलेल्या पुढाऱ्यानं तिथूनच पाणी मागितलं.

"थांबा," मी म्हटलं, "ही तुमच्या आधीपासून उभी शे."